आजपुरतं

लिंबू चाकाखाली फुटतं तेव्हा ते जमिनीला ऐकू येतं. हे वाक्य मी एका परिषदेत बोलले होते आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आता कुठेही लिंबू दिसलं की माझी मान खाली जाते, मग ते जेवणाच्या ताटात असो नाहीतर दुकानाच्या दारात टांगलेलं असो.

मी मीनाक्षी बोंद्रे. पुण्यात एका कंपनीत जमिनीचे आवाज ऐकणाऱ्या यंत्रांवर काम करते. माझं माहेर देवराईपेठ. तिथल्या गणपती चौकात बसवलेलं यंत्र माझ्या हातचं आहे, आणि त्यात झालेली चूकही माझ्याच हातची आहे. बाकी जे काही सांगणार आहे ते एवढंच आहे, फक्त ते कबूल करायला मला चाळीस दिवस लागले.

एका शहरात कुणीतरी डोकं फिरून जत्रेच्या गर्दीत ट्रक घातला, तेव्हापासून गर्दीच्या जागा राखायच्या यंत्रांना एकदम मागणी आली. नुसते सिमेंटचे ठोकळे टाकले तर रुग्णवाहिका आत जात नाही, पालखीचा रथ जात नाही, पाण्याचा टँकर जात नाही. म्हणून आम्ही जमिनीत दडलेले खुंट केले. एरवी फरशीच्या पातळीत, वेळ आली की कमरेएवढे वर.

वेळ आली हे कळतं कसं? चौकाच्या फरशीखाली वीतभर खोल काचेची केसाएवढी तार नागमोडी पसरलेली असते. तिच्या एका टोकातून सेकंदाला हजारो वेळा लेझरचा झोत सोडायचा. काच कितीही स्वच्छ असली तरी तिच्यात बारीक दोष असतात, त्यांच्यावर आपटून थोडा उजेड माघारी येतो. वर कुणी पाऊल टाकलं की तार किंचित ताणली जाते आणि माघारी येणारा उजेड बदलतो. त्यावरून वर माणूस चालतोय, बैल चालतोय की गाडी, हे यंत्राला समजतं.

गाडीचं तर त्याहून जास्त समजतं. चाक जमिनीला मागे रेटतं तेव्हा गाडी पुढे जाते. किती जोराने रेटतंय ते तारेला कळतं, म्हणजे चालवणाऱ्याचा पाय किती दाबला गेलाय ते कळतं. त्याच्या मनात काय आहे ते मात्र कळत नाही. गाडी मुद्दाम गर्दीत घातली काय आणि ब्रेकऐवजी चुकून दुसरंच दाबलं काय, जमिनीला दोन्ही सारखंच. दोन दशांश सेकंदात निर्णय, पुढच्या चार दशांशात दाबलेल्या हवेच्या जोरावर सात खुंट वर. देवराईपेठेत आम्ही ते गेल्या श्रावणात बसवले, आणि मी गावात फुकटचा भाव खाऊन घेतला.

मग दसरा आला.

माझ्या दादाने नवी गाडी घेतली होती. उदयदादाचं गावात पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे, आणि तो आयुष्यात पहिल्यांदाच कोरी गाडी घेत होता. आमच्याकडे नवी गाडी आधी गणपती चौकात नेतात. बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, हार, नारळ, आणि चारही चाकांपुढे एकेक लिंबू. मग मालकाने गाडी एक झटका देऊन पुढे घ्यायची, लिंबं फोडायची आणि लगेच थांबवायची. दादाने हौसाक्काकडून चार लिंबं घेतली. हौसाक्का म्हणजे चौकातली फुलंवाली. माझ्या लहानपणापासून त्याच कोपऱ्यावर बसते, आणि येणारी जाणारी सगळी पोरं तिला स्वतःचीच वाटतात.

दादाने झटका दिला. तारेला वाटलं, गाडी गर्दीवर चाललीय. दादाची गाडी हातभर सरकायच्या आत समोर सात खुंट उभे, भोंगा सुरू, लाल दिवे सुरू. वहिनीच्या हातातलं ताट पडलं, निरांजन विझलं. वर पोलिसांना आपोआप निरोप गेलेला. हवालदार आला आणि त्याने दादाला भर चौकात, डोक्यावर टोपी आणि कपाळावर टिळा असताना, गाडीतून खाली उतरवलं.

"माझ्याच बहिणीच्या यंत्रानं मला अतिरेकी ठरवलं," दादा म्हणाला. हसतच म्हणाला, पण गाडी घरी नेऊन त्याने तिच्यावर ताडपत्री टाकली. निरांजन विझलेल्या पूजेची गाडी तो चालवणार नव्हता. त्या एका दिवशी असे अकरा मालक झाले. नगरपालिकेतून फोन आला, "बाई, तुमचं यंत्र हुशार आहे, पण त्याला आपले सण शिकवा."

मी शिकवले. कार्यशाळेच्या आवारात आम्ही सव्वादोनशे लिंबं फोडली. आठवडाभर सगळा विभाग सरबत पीत होता. फुटणाऱ्या लिंबाचा तारेवर एक खास ठसा उमटतो, आधी दबका दाब आणि मग बारीकसा तडाखा. खडा फुटला की तसं होत नाही, बाटली फुटली की तसं होत नाही. मी नियम लिहिला: चारही चाकांखाली लिंबू फुटल्याचं ऐकू आलं तर ती पूजा समजावी आणि खुंट एक सेकंद थांबवावेत. एका सेकंदात मालक ब्रेक दाबतो. ब्रेक दाबला नाही, तर खुंट वर. हिशेब चोख होता, आणि चार हा आकडा त्यात महत्त्वाचा होता. चार लिंबं चार चाकांखाली आपोआप जाऊन बसत नाहीत, ती कुणीतरी ठेवावी लागतात.

दिवाळीच्या पाडव्याला दादाने ताडपत्री काढली. मी मुद्दाम गावी गेले होते. पुन्हा हार, पुन्हा स्वस्तिक, पुन्हा हौसाक्काची लिंबं. ती मला म्हणाली, "मिने, आज तुज्या खुंटांस्नी गप बसाय सांग गं." मी म्हटलं, "सांगितलंय अक्का."

दादा गाडीत बसला. वहिनीने ओवाळलं. आणि मला दिसलं की मागच्या डाव्या चाकापुढचं लिंबू घरंगळून गटारीच्या जाळीपाशी गेलंय. बाकी कुणाचंच लक्ष नव्हतं. भटजींनी नारळ उचलला होता.

मी ओरडायला हवं होतं. "थांब दादा, लिंबू सरकलंय." चार शब्द. पण एकदा मोडलेली पूजा पुन्हा मोडायची, तीही मीच, सगळ्या गावापुढे, याची मला लाज वाटली. मी फोन काढला, यंत्राच्या आत गेले आणि चारचा आकडा पुसला. तीन करणार होते. मग वाटलं, आणखी एखादं सरकलं तर? म्हणून एक केला. नियम बदलला की यंत्र कारण विचारतं, ते लिहिल्याशिवाय पुढे जात नाही. मी लिहिलं, "आजपुरतं."

लिंबं फुटली, खुंट गप्प राहिले, दादाने गाडीचा हॉर्न वाजवला. हौसाक्काने माझ्या केसांत शेवंती माळली. दुपारी आम्ही श्रीखंड खाल्लं.

नंतर मी विसरले, असं म्हणणं सोपं आहे. पण मी विसरले नव्हते. पुण्याला परतल्यावर आठवलं, तेव्हा म्हटलं उद्या करू. पुढच्या महिन्यात आकडे तपासताना तो एकचा आकडा माझ्या डोळ्यांपुढून गेला. तोवर गावाकडून तक्रार यायची बंद झाली होती. सरकलेल्या लिंबाचंही आता कुणाला भय नव्हतं. नगरपालिकेने तर आभाराचं पत्र पाठवलं होतं. पुन्हा चार केले असते तर पुन्हा फोन सुरू झाले असते. मी राहू दिलं.

आणि देवराईपेठेत वाढलेल्या मला, लिंबांबद्दल सगळं माहीत असलेल्या मला, शनिवार आठवला नाही.

शनिवारी सकाळी दुकानदार दाराला नवी लिंबू-मिरची बांधतात आणि जुनी रस्त्यावर टाकतात. तिच्यावरून गाडीचं चाक गेलं की नजर फुटली. मी शाळेत जाताना ती लिंबं पायाखाली येऊ नयेत म्हणून उड्या मारत जायचे. सव्वादोनशे लिंबं फोडताना मला ती एकदाही आठवली नाहीत.

महाशिवरात्रीनंतरच्या शनिवारी तगारे गुरुजी आपल्या पत्नीला, काकूंना, देवळापाशी सोडायला आले. काकूंचे गुडघे दुखतात, म्हणून एकाहत्तराव्या वर्षी गुरुजी गाडी शिकले होते. मुलाने दिलेली छोटी विजेची गाडी, तिला आवाज नाही, गिअर नाही. काकू उतरल्या. गुरुजींना गाडी जागेवरच धरायची होती, ब्रेक दाबून. त्यांनी दाबलं ते दुसरंच. पुढच्या चाकाखाली शनिवारचं लिंबू होतं, ते फुटलं. तारेने ऐकलं आणि यंत्राला वाटलं, पूजा चाललीय.

खुंटांच्या रेषेपर्यंत यायला गाडीला एक सेकंद आणि चार दशांश लागले. खुंट पुरते वर यायला, माझी एका सेकंदाची सूट धरून, एक सेकंद सहा दशांश. अर्धवट वर आलेल्या खुंटांवर गाडी चढली, वाकडी झाली आणि उजवीकडे फेकली गेली. त्या अर्धवट खुंटांमुळे देवळापुढची पंचवीस-तीस माणसं वाचली. उजव्या कोपऱ्यावर हौसाक्का बसली होती. तिचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

सूट नसती तर गाडी उभ्या खुंटांवर आपटून थांबली असती आणि गुरुजींच्या कपाळाला टेंगूळ आलं असतं. एवढंच.

कंपनीचा अहवाल मीच लिहिला. "यंत्राने काम केले. उपलब्ध वेळ अपुरा पडला." यातला एकही शब्द खोटा नाही. गुरुजींनी स्वतःच्या वळणदार अक्षरात जबाब लिहून दिला, की चूक सर्वस्वी माझी आहे, माझा पाय चुकला, जी शिक्षा होईल ती मान्य आहे. मग माझ्या नोंदी कोण कशाला बघतो? प्रांतसाहेबांपुढे सुनावणी लागली, तिची तारीख सोमवारची होती. आधीच्या गुरुवारी कंपनीने मला बंद पडलेले खुंट तपासायला गावी पाठवलं.

चौकात मी दहा मिनिटंही थांबू शकले नाही. सरळ दादाच्या दुकानात गेले आणि सगळं सांगितलं. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. पाडव्याला मी फोनशी काय खेळत होते हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"म्हणजे हे माझ्या गाडीपायी?"

"तुझ्या गाडीपायी नाही. माझ्या बोटापायी."

"लोक तसं म्हणणार नाहीत मिने. बोंद्र्यांच्या पूजेपायी हौसाक्का अधू झाली, असंच म्हणतील." मग आवाज खाली आणून म्हणाला, "गुरुजींनी कबूल केलंय ना? त्यांचं वय बघून सोडून देतील. तू कशाला आपल्या पायावर धोंडा पाडून घेतेस?"

'पाय' हा शब्द दोघांनाही ऐकू आला. दादा उठला आणि उगाच शटरशी जाऊन उभा राहिला. "मला काही सुचत नाही," तो तिकडूनच म्हणाला. "सोमवारपर्यंत विचार कर." त्याचा राग आला असता तर बरं झालं असतं. मला त्याची कीव आली, कारण गेले चाळीस दिवस मीही हेच म्हणत होते.

गुरुजी ओट्यावर खुर्चीत बसले होते. चौथीला मी त्यांच्याच वर्गात होते. त्यांची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. काकूंनी दारातूनच मला खूण केली, जेवत नाहीत. बसल्या जागी त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबला जात होता, उचलला जात होता, पुन्हा दाबला जात होता. आपण असं करतोय हे त्यांना माहीत नसावं.

मी सांगितलं. फळ्यापुढे उभं राहून सांगावं तसं, क्रमाने. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"पण पाय माझाच चुकला ना?" शेवटी त्यांनी विचारलं.

"हो."

"मग?"

"गुरुजी, माणसाचा पाय चुकतो म्हणून तर खुंट बसवले होते. तुमची चूक त्यात आधीच धरलेली होती. माझी धरलेली नव्हती."

त्यांचा पाय थांबला. "कारण काय लिहिलंस म्हणालीस?"

"आजपुरतं."

त्यांना हसू आलं असावं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. तो शब्द त्यांचाच होता. गृहपाठ केला नसला की ते वहीत लाल शाईने लिहायचे, 'आजपुरतं माफ'. त्या दोन शब्दांसाठी आम्ही पोरं जीव टाकायचो. खोटं कशाला बोलू, त्या ओट्यावर मी त्याच शब्दांची वाट बघत उभी होते. चाळीस वर्षांची बाई, हातात नसलेली वही पुढे धरून.

"मी खाली तारीख घालायचो, मीनाक्षी," गुरुजी म्हणाले. "आणि दुसऱ्या दिवशी वही मागायचो."

मग त्यांनीच विचारलं,

"हौसाबाईंना सांगितलंस?"

"नाही."

"मग आधी इकडं कशाला आलीस?" ते रागावले नव्हते, खरंच विचारत होते. मी आधी त्यांच्याकडे आले, कारण ते माफ करतील असं मला वाटलं होतं. हे त्यांनाही कळलं असणार. "जा," ते म्हणाले. "चहा नंतर घे."

हौसाक्का घराच्या पुढच्या पडवीत खाटेवर बसून हार ओवत होती. पायावर गोधडी होती, आणि एका बाजूला ती सपाट होती. तिकडे बघायचं नाही असं ठरवून आले होते, आणि तिकडेच बघत राहिले.

"आलीस व्हय," ती म्हणाली. "बस की. किती वाळलीस गं."

मी उभ्यानेच बोलायला लागले, पण तिने हात वर केला. "आदी माजं ऐक. तू तारंचं काम करतीस, तुला इचारायचं हुतं. त्या दिशी गाडी लिंबावरनं गेली न्हवं? ते लिंबू माजं हुतं. सकाळी गाड्यावरचं जुनं काडून म्याच फेकलं रस्त्यात. म्हनलं, लागलेली नजर जाऊ दे कुनाच्या तरी चाकाखाली. ती फिरून माज्याच पायावर आली. व्हय का न्हाई?"

चाळीस दिवस ती बाई स्वतःचा पाय गेल्याचा दोष स्वतःलाच लावून बसली होती. गुरुजी पायाला दोष देत होते, ही लिंबाला. आणि खरं जिला माहीत होतं ती पुण्यात बसून 'वेळ अपुरा पडला' असं लिहीत होती. मी खाटेच्या कडेशी खाली बसले आणि सांगितलं. पाडवा, घरंगळलेलं लिंबू, चारचा एक. मला रडू आलं, आणि तिच्यापुढे रडायचा आपल्याला हक्क नाही हेही कळत होतं.

हौसाक्का सुईत दोरा तसाच धरून बसली. म्हणाली, "म्हंजी लिंबाचं काय न्हवतं."

"नाही अक्का. तुमचंही नाही."

"आन् हे तुला पैल्या दिसापास्नं ठावं हुतं."

"हो."

तिने सुई हारात खोचली आणि हार बाजूला ठेवला. मला वाटलं, आता शिव्या देईल. तिने दिल्या असत्या तर मी त्या प्रसादासारख्या घेतल्या असत्या.

"गुरुजी रोज डबा घिऊन येत्यात," ती म्हणाली. "आत येत न्हाईत. दारातच हुबं ऱ्हात्यात, डबा ठेवत्यात, हात जोडत्यात, जात्यात. एवडा मोटा मानूस. मला बगवत न्हाई. पन म्हनायची, माजंच लिंबू, कुटल्या तोंडानं त्यांस्नी आत बोलवू? तू हे कुटं लिवून दिलंस का?"

"सोमवारी सुनावणी आहे अक्का. तेव्हा सगळं देणार आहे. नोंदीसकट."

"आज काय वार?"

"गुरुवार."

"म्हंजी आनकी चार दिस त्यो मानूस माज्या दारात हात जोडून हुबा ऱ्हानार." तिने माझ्याकडे सरळ बघितलं. लहानपणी मी तिचं फूल न विचारता उचललं की बघायची, तसं. "का गं मिने? आज कचेरी उगडी न्हाई?"

तिच्या भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजले होते. कचेरी साडेपाचला बंद होते. मी उठले, चपला पायात घातल्या. तिने थांब म्हटलं नाही, आणि केसांत घालायला फूलही दिलं नाही.

कचेरीत प्रांतसाहेब दौऱ्यावर होते. कारकून म्हणाला, सोमवारी या, सुनावणीतच सांगा. मी म्हटलं, नाही, आजच लिहून देते, तुम्ही फक्त आवक शिक्का मारा. त्याने कुरकुरत एक कोरा कागद पुढे सरकवला आणि स्वतःच्या खिशातलं पेन दिलं.

मी आधी तारीख घातली.